वारं गेल्यानंतर

आमच्याकडं लकव्याला ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. माझ्या अंगावरनं ते 2018 च्या जानेवारीत गेलं. न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर कांद्याच्या लागणी चालल्या होत्या. बायांना रोपांची जुडी द्यायला हात पुढं केला आणि जुडी सुटून वाफ्यात पडली. उचलायला वाकलो. हात जुडीवर टेकला, पण बोटं मिटेनात. “अहो, काय झालं?” असं हिनं विचारलं. मला वाटलं, मी नीट उत्तर दिलं. ही म्हणते, तोंडातनं नुसतं ‘ब ब ब’ निघालं.

पुढचे दोन तास फुकट गेले. कुणी म्हणालं, कांदा हुंगवा. कुणी म्हणालं, पारव्याचं रक्त चोळणारा माणूस आहे, त्याचा गुण येतो. गाडी आधी तिकडं वळली. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला नंतर कळलं. नगर रस्त्यानं, वाघोलीच्या गर्दीतनं पुण्याला पोचेस्तोवर ती वेळ टळून गेली होती. बत्तीस वर्षं मी झेडपीच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं, आणि माझ्याच हाताला पारव्याचं रक्त चोळलं गेलं. नको म्हणायला तोंडात शब्द नव्हता.

मार मेंदूच्या डाव्या बाजूला बसला होता, म्हणून उजवं अंग आणि बोलणं गेलं. दवाखान्याचं फार सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. तीन महिन्यांनी काठी सुटली, भाकरी मोडता यायला लागली, शब्द अडखळत का होईना येऊ लागले. वस्तीवर येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “गुरुजी बरे झाले!” खरं दुखणं तिथनं पुढं सुरू झालं.

रात्री दीड-दोनला जाग यायची. उजव्या हाताची मूठ वळून बघायची. वळली. जीभ बाहेर काढून बघायची, वाकडी तर जात नाही ना. मग मनात नऊचा पाढा. एखाद्या ठिकाणी अडलो की अंगाला दरदरून घाम फुटायचा, वाटायचं, आलं परत. हिला उठवायची लाज वाटायची आणि न उठवावं तर भीती वाटायची.

पोरानं शिरूरवरनं बीपीचं मशीन आणलं होतं. सकाळ-संध्याकाळ बघा म्हणाला. मी दिवसातनं दहा-बारा वेळा बघायला लागलो, तेही गोठ्यामागं जाऊन, चोरून. आकडे वहीत लिहायचो आणि जास्त आला की खाली लाल पेननं रेघ. मास्तराची सवय, दुसरं काय! भीतीनं आकडा वाढायचा आणि आकड्यानं भीती. वही लाल होत गेली.

घरच्यांनी माझी सेवा केली, त्यात खोट काढवत नाही. पण शर्टाची गुंडी ही लावायची. मोटारसायकलची चावी पोरानं लपवली. मी ‘पा’ म्हणालो की पाण्याचा तांब्या पुढं यायचा, मला म्हणायचं असायचं ‘पावती’. मग मीही पाणी पिऊन गप्प बसायला शिकलो. शिरूरच्या बाजारात एकदा भाजीवाल्या बाईनं पंच्याहत्तर रुपये सांगितले. नोटा हातात धरून मी उभाच. शेवटी तिनंच माझ्या हातातनं पैसे वेचून घेतले, उरलेले वर खिशात कोंबले आणि मायेनं म्हणाली, “जावा बाबा.” त्यानंतर बाजार बंद केला. 15 ऑगस्टला शाळेनं झेंड्याला बोलावलं, दोन शब्द बोला म्हणाले. सर्दी झालीय असं सांगून घरात बसलो. लांबनं पोरांचा आवाज येत होता.

दौंडला आमची आक्का असते. ती भेटायला आली, वही बघितली, आणि भाच्याला पाठवून मला तिकडच्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बीपी नंतर तपासलं. आधी विचारलं, “झोप लागते का? भीती कशाची वाटते?” इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं. लकव्यानंतर रडू लवकर येतं, तोही आजाराचाच भाग, असं त्यांनीच सांगितलं. लकव्यानंतर साधारण तिघांतला एक माणूस खचतो, कितीजणांच्या मनात धास्ती बसते. याला भित्रेपणा म्हणू नका, यालाही औषध आहे. एक लहानशी गोळी लिहून दिली. मशीन हिच्या ताब्यात, दिवसातनं एकदाच. वर आणि म्हणाले, “महिन्यानं या. एकटे या.”

भाच्यानं जिल बोल्टी टेलर नावाच्या अमेरिकन बाईंची गोष्ट सांगितली. मेंदूचाच अभ्यास करणारी बाई, 1996 च्या डिसेंबरात तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि पुरतं सावरायला आठ वर्षं लागली. मला त्यापेक्षा दाजींचं बोलणं जास्त पटलं. दाजी रेल्वेत होते. पूर्वी मनमाडकडनं आलेली गाडी पुण्याला न्यायची तर दौंडात इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावं लागायचं. तोवर गाडी उभी. दाजी म्हणाले, “गुरुजी, गाडी मोडली न्हाई. इंजिन दुसऱ्या टोकाला लागतंय. येळ लागायचाच की.”

एकट्यानं जायचं म्हणजे न्हावऱ्यावरनं एसटीनं केडगाव आणि तिथनं रेल्वेनं दौंड. पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. नोकरीत असताना हा रस्ता मी शंभरदा केलेला. पहिल्या खेपेला केडगावच्या फलाटावर पोचलो, गाडी आली, आणि पाय उचलेना. डब्याची पायरी आणि फलाट यांच्यातली फट एवढी मोठी कधी दिसली नव्हती. गाडी गेली. तासभर बाकावर बसून परतीची एसटी धरली. घरी सांगितलं, डॉक्टर नव्हते. ही काही बोलली नाही. तिला कळलं असणार.

पंधरा दिवसांनी परत निघालो. केडगावला तिकिटाच्या खिडकीशी उभा राहिलो. “कुठं?” बाबूंनी विचारलं. ‘द’ येईना. जीभ टाळूला चिकटली. मागं रांग. लांबनं गाडीचा भोंगा. मागच्या पोरानं वाकून विचारलं, “आजोबा, दौंड ना?”

मान हलवली असती तर काम झालं असतं. मी हात वर केला आणि म्हणालो, “थांब.” हा शब्द असा लख्ख आला की माझा मीच दचकलो. रांगेत कुणीतरी म्हणालं, “घ्या की सावकाश.” मग एक श्वास घेतला आणि म्हणालो, “दौंड. एक.”

गाडीत चढताना त्याच पोराच्या खांद्याला धरलं, ते लपवत नाही. कडेठाण, पाटस. खिडकीला बसून तिकीट उजव्या मुठीत धरलं होतं, पार भिजलं घामानं. रात्री मूठ वळून बघणं अजून सुटलेलं नाही, पण पाढा म्हणत नाही आता.

दौंडला उतरलो तर दाजी फलाटावर उभे. हिनं फोन केला असणार. मी बघितल्यावर म्हणाले, “मी आपला पेपर घ्यायला आलो होतो.” त्यांच्या हातात पेपर नव्हता.