कांगोला जायचे तर

मोताळ्याच्या शाळेतील मुले कधी कधी संध्याकाळी माझ्या ओसरीवर जमतात. सैन्यातील नोकरीच्या अखेरच्या काळात, २००५ साली, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय तुकडीबरोबर मी कांगो देशात गेलो होतो. तेथल्या गोष्टी ऐकण्याची त्यांना मोठी हौस. परवा एका मुलीने निराळाच प्रश्न विचारला, "आजोबा, मोठेपणी मला तिकडे जायचे झाले, तर काय काय ठाऊक असले पाहिजे?" तिला दिलेले उत्तर मी येथे लिहून ठेवीत आहे.

प्रथम नकाशा उघडावा. विषुववृत्त जेथे आफ्रिका खंडाला छेदून जाते, तेथे कांगो नावाचे दोन देश शेजारी शेजारी आहेत. किन्शासा आणि ब्राझाव्हिल ह्या त्यांच्या राजधान्या एकाच नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर उभ्या आहेत. मी गेलो तो मोठा कांगो, किन्शासाचा. आपल्या महाराष्ट्राएवढी सात राज्ये त्यात सहज मावतील.

त्या नदीचे नावही कांगोच. सुमारे ४,७०० किलोमीटरच्या प्रवासात ती विषुववृत्त दोनदा ओलांडते. आमची नळगंगा पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात रोडावते. कांगोचे तसे नाही. विषुववृत्ताच्या एका बाजूस पाऊस ओसरला, की दुसऱ्या बाजूस तो सुरू होतो. त्यामुळे ती बारा महिने दुथडी वाहते.

मी निघालो तेव्हा माझी माय दाराशी येऊन म्हणाली, "वाघापासून जपजो रे बापू!" बिचारीला काय ठाऊक, की आफ्रिकेच्या रानात वाघ नाहीतच! वाघ आला तो पुढे २०१९ साली, आणि तोही टिपेश्वरच्या रानातून चालत चालत आमच्याच ज्ञानगंगा अभयारण्यात. कांगोचे वैभव आहे ते गोरिलांचे. १९२५ साली स्थापन झालेले विरुंगा हे आफ्रिकेतील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. तेथे गोरिला पाहावयास जाणाऱ्याने तोंडाला मुखपट्टी बांधून दूर उभे राहावयाचे असते. आपली साधी सर्दीही त्यांच्या जिवावर बेतू शकते.

जाण्यापूर्वी पीतज्वराची लस टोचून घ्यावी आणि तिचा दाखला जपून ठेवावा. त्यावाचून तेथे प्रवेश मिळत नाही. कचेऱ्यांतून फ्रेंच भाषा चालते. पण पूर्व भागातील बाजारात स्वाहिली बोलतात. ती ऐकून मला नवल वाटले. चहाला 'चाय', साबणाला 'साबुनी', पुस्तकाला 'किताबु' आणि दुकानाला 'दुका'! अरबस्तान, भारत आणि आफ्रिका ह्यांच्यामध्ये शतकानुशतके जहाजे ये-जा करीत, त्यांतून मालाबरोबर शब्दही फिरले. वडीलधाऱ्या बाईला मात्र तिकडे आदराने 'मामा' म्हणतात. जेवणात कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचा घट्ट गोळा असतो. एकादशीला आपण जो साबुदाणा खातो, तो ह्याच कंदापासून बनतो.

त्या देशाने फार सोसले आहे. १८८५ पासून १९०८ पर्यंत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड त्या भूमीचा खाजगी मालक होता. रबरासाठी त्याच्या माणसांनी तेथल्या प्रजेचा अमानुष छळ केला. ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला आणि लगेच यादवीत सापडला. तेव्हाही भारतीय जवान शांतिसेनेत होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ह्यांना ५ डिसेंबर १९६१ रोजी तेथेच वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. मोबाइलच्या बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक कोबाल्ट आज ह्या एका देशातून निघते. तरीही तेथील कितीतरी माणसे दरिद्रीच आहेत.

माझा तळ गोमा शहरात होता. किवू सरोवराच्या काठी वसलेल्या ह्या शहराच्या माथ्यावर न्यिरागोंगो हा ज्वालामुखी आहे. जानेवारी २००२ मध्ये त्याचा लाव्हा शहरातून वाहत थेट सरोवरात उतरला. मी गेलो तेव्हा त्या थिजलेल्या काळ्या खडकावरच लोकांनी पुन्हा घरे बांधली होती.

एके दिवशी रस्त्याच्या कडेला एक बाई तोच खडक फोडून खडी करीत बसलेली दिसली. मी झटकन कॅमेरा डोळ्याला लावला. तिने हातोडा खाली ठेवला आणि तळहात चेहऱ्यापुढे धरला.

माझे हात जागच्या जागी थांबले. १९७२ चा दुष्काळ मला आठवला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. माझी माय दुष्काळी कामावर अशीच काळी खडी फोडीत असे. एकदा मोटारीतून आलेल्या पाहुण्याने तिला काही न विचारता तिचे छायाचित्र काढले. मायने पदर तोंडावर ओढून घेतला. त्या रात्री आम्हांला सुकडी वाढताना ती एवढेच बोलली, "माहं नाव तरी इचारलं असतं."

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. "जाम्बो, मामा," असे म्हणून तिला नमस्कार केला आणि तिच्याजवळ दगडावर बसलो. सोबतच्या दुभाष्याकडून तिचे नाव विचारले. तिने मला चहा दिला आणि विचारले, "तुमच्या देशात असा दगड असतो का?"

मी म्हणालो, "आमचे गावच त्यावर वसले आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तेथेही लाव्हा वाहिला. त्याच दगडाची आता काळी माती झाली आहे. तिच्यात आम्ही कापूस पिकवतो."

ती क्षणभर गप्प राहिली. मग हसून म्हणाली, "तुमच्या दगडाची माती झाली ना? मग आमच्याही होईल." तिने हात झटकले, डोईचे फडके नीट केले आणि म्हणाली, "आता काढा छायाचित्र."

जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर बंडखोरांच्या हाती गेले. म्हणून आज तिकडे सहलीला जा, असे मी कोणाला सांगणार नाही. ती बाई आता कोठे असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही. तिचे छायाचित्र माझ्या ओसरीवर मायच्या छायाचित्राशेजारी लावलेले आहे.

माझे उत्तर संपले तेव्हा ती मुलगी उठून भिंतीपाशी गेली. "आजोबा, ह्यांचे नाव काय?" तिने विचारले.

मी छायाचित्र खाली काढून तिच्या हाती दिले. तिने ते उलटले आणि मागे लिहिलेले नाव मोठ्याने वाचले.