दाढी नसलेली प्रतिबिंबे

विज्ञानकथांवर बेतलेल्या दूरचित्रवाणी-मालिकांची दखल साहित्याचे अभ्यासक सहसा घेत नाहीत. मीही घेत नव्हतो. विद्यापीठात शिकणारी माझी पुतणी मुनिरकेत आमच्याकडेच राहते. एका रविवारी दुपारी ती ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेचा एक जुना भाग पाहत बसली होती, आणि मी चहाची वाट पाहत तिच्याशेजारी टेकलो होतो. भाग संपला तेव्हा चहा निवून गेला होता आणि आम्हां दोघांत वाद जुंपला होता.

‘मिरर, मिरर’ हा तो भाग ६ ऑक्टोबर १९६७ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला; लेखक जेरोम बिक्स्बी. कॅप्टन कर्क आणि त्याचे तीन सहकारी एका अंतराळी वादळामुळे समांतर विश्वात जाऊन पडतात, आणि तिथली त्यांची प्रतिरूपे इकडे येतात. यान तेच, चेहरे तेच. परंतु त्या विश्वात वरिष्ठाचा खून पाडून बढती मिळवण्याची रीत आहे. चुकणाऱ्याला यातनायंत्रात कोंडले जाते. सलामीदेखील छातीवर मूठ ठेवून, हात ताडकन पुढे फेकून द्यावयाची. स्पॉक या विवेकी अधिकाऱ्याच्या तिथल्या प्रतिरूपाला टोकदार दाढी आहे. पुढे ती दाढी इतकी प्रसिद्ध झाली की दुष्ट प्रतिरूप म्हणजे दाढीवाले, असा संकेतच पडून गेला.

अशा भागांतील अभिनयाला ‘नाटकी’ म्हणून हिणवण्यात येते. कर्कची भूमिका करणारा विल्यम शॅटनर हा कॅनडातील स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर महोत्सवात तयार झालेला नट होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तोकड्या नेपथ्यावर आणि लहानशा पडद्यावर एकाच चेहऱ्याने दोन माणसे उभी करावयाची, तर आवाज आणि अंगविक्षेप यांवाचून नटाजवळ दुसरे साधन कोणते? आपल्याकडे दशावतारातील संकासुर लोंबती लाल जीभ घेऊन येतो तेव्हा त्याला कोणी अतिरेकी म्हणत नाही. खलपुरुष प्रवेश करताक्षणीच ओळखू यावा, हा तिथे नटाने प्रेक्षकांशी केलेला करार असतो. त्या नाटकीपणाविषयी माझी तक्रार नाही.

माझी तक्रार कथेच्या समारोपाविषयी आहे. तोतये आपण इतक्या लवकर कसे ओळखले, हे स्पॉक अखेरीस सांगतो. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, सुसंस्कृत माणसाला रानटीपणाचे सोंग आणता येते. रानट्याला मात्र सुसंस्कृतपणाचे सोंग वठत नाही. पुतणीला हे पटले. मला पटले नाही, कारण मला लखोबा लोखंडे आठवला.

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग १९६२ साली झाला तो याच दिल्लीत. प्रत्यक्ष घडलेल्या खटल्यावरून सुचलेल्या या नाटकातला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वेषांत वावरतो आणि विश्वासाने आलेल्या स्त्रियांना विवाहाच्या पाशात गुंतवून लुबाडतो. प्रभाकर पणशीकरांनी ही सारी रूपे फिरत्या रंगमंचावर एकट्याने उभी केली. लखोबाची सोंगे सभ्यतेची आहेत. समोरच्याला जसा माणूस हवा असेल, नेमका तसा तो होतो. न्यायालयात तो ओरडत नाही. नम्रपणे, किंचित दुखावल्यासारखा, नाकारत राहतो. स्पॉकचा सिद्धांत येथे कोलमडतो. मराठी प्रेक्षकाने पुढे कितीतरी वर्षे या अभिनयाला दाद दिली आणि दाद देताना तो शहारलाही.

मराठी विज्ञानकथेनेही समांतर विश्व पाहिलेले आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतचा निकाल उलटलेला आहे. पण त्या जगातील माणसे त्यामुळे दुष्ट झालेली नाहीत. उलट आझाद मैदानावरील व्यासपीठावर आगंतुकपणे चढणारा आपला इतिहासकारच तिथे परका ठरतो. इतिहासाने वेगळे वळण घेतले तरी माणूस तोच राहतो, हे नारळीकरांचे गृहीत मला अधिक खरे वाटते.

हा वाद मला निव्वळ साहित्यिक राहू देता येत नाही, याचे कारण मी राहतो ती जागा. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री साकेतमध्ये चित्रपट पाहून परतणारी एक तरुणी आणि तिचा मित्र मुनिरकेच्या थांब्यावर एका खाजगी बसमध्ये चढले. त्यांना द्वारकेच्या दिशेने जावयाचे होते. बसमधून नेहमीसारखी हाक आली. आत बसलेली माणसे प्रवासी भासली. पुढे जे घडले ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्या बसमधल्या कोणालाही टोकदार दाढीची गरज पडली नाही. त्यांना एक सामान्य बस तेवढी वठवायची होती, आणि ती त्यांनी वठवली. तशाच हाकेला ओ देऊन मी स्वतः कित्येक रात्री तशाच बसमधून घरी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघालेले पहिले वाक्य मला आजही आठवते : “ही माणसे आपल्यातली नव्हेतच.” त्या वेळी ते मला संतापाचे वाटले होते. पुतणीशी वाद घालता घालता उमगले की ते वाक्य लखोबाचे होते. मी ते सगळ्या समाजाच्या वतीने उच्चारले होते. दुष्टतेला दुसऱ्या विश्वात नेऊन ठेवले, तिला दाढी चिकटवली, म्हणजे आपल्याला न्यायालयात उभे राहून ‘तो मी नव्हेच’ म्हणण्याची सोय होते. अशा कथांचे सुख बहुधा याच सोयीत आहे.

हे मी पुतणीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “काका, हे आम्हांला आधीपासूनच माहीत असतं.” संध्याकाळी ती ग्रंथालयात जाण्यासाठी निघाली. मी थांब्यापर्यंत सोबत गेलो. बस आली. तिने पाटी वाचली, पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी आत बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मग चढली. बस वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.