आत्या आणि लाल मुंग्या

बल्लारशाला गाडीतून उतरलं की आधी पेपर मिलचा वास येतो. पुण्याचे मित्र नाक दाबतात, मला मात्र घरी आल्यासारखं वाटतं. या वीकेंडला तसं वाटलं नाही. कारण काम वाईट होतं. आत्याला समजवायचं होतं.

आमची आत्या, वय 52, शाळेत शिक्षिका. आजोबा लवकर गेले, बाबा आणि काका शिकत होते, आणि तिचं लग्न "पुढच्या वर्षी बघू" करता करता राहूनच गेलं. माझ्या इंजिनिअरिंगची चारही वर्षांची फी तिच्या पगारातून भरली गेली. गेल्या दिवाळीत आजी वारली. आणि आता मे महिन्यात आत्या म्हणते, मी लग्न करतेय! तिच्याच शाळेतून रिटायर झालेले एक सर आहेत, विधुर. घरात भूकंप. बाबांचा फोन आला, "तुझं ऐकते ती. तू येऊन सांग."

आमच्या परसात आंबा आहे. त्यावर लाल मुंग्यांची पानं जोडून केलेली घरटी. गडचिरोलीकडे माडिया लोक याच मुंग्यांची चटणी करतात. लहानपणी आत्यानेच दाखवलं होतं, मुंग्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं कशी शिवतात ते. मोठ्या कामकरी बाहेर शिकार आणि राखण करतात, छोट्या आत पिल्लं सांभाळतात. अंडी घालायचं काम राणीचं.

मग बाकीच्या का राबतात? 1964 मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने याचा हिशोब मांडला. मुंग्यांमध्ये नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. म्हणून सख्ख्या बहिणींचं नातं सरासरी पाऊण, आणि आई-मुलीचं अर्धंच. स्वतःची मुलगी वाढवण्यापेक्षा बहीण वाढवणं फायद्याचं! कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी आत्याला "आमच्या घरातली कामकरी मुंगी" म्हणायचो. कौतुकाने हो! पुढे कळलं की हिशोब इतका सोपा नाही. राणीने अनेक नरांशी संग केला की पाऊणचा आकडा घसरतो. वाळवीत तर ही भानगडच नाही, तरी तिथेही कामकरी आहेतच.

शिवाय कामकरी ही जन्मजात वेगळी नसते. बहुतेक जातींत मादी अळीची राणी होणार की कामकरी, हे मुख्यतः तिला मिळणाऱ्या खाण्यावर आणि निगेवर ठरतं. आमच्या लाल मुंग्यांची कामकरीही अंडी घालू शकते, पण राणी असेपर्यंत ती अंडी खाण्यात जातात. हा धाक राणीच्या वासाचा. याच मुंग्यांच्या आफ्रिकेतल्या जातीवर होल्डॉब्लर आणि विल्सन यांनी केलेलं काम 1983 मध्ये छापून आलं. राणी मेली तरी तिचं प्रेत वारुळात असेपर्यंत कामकरी कित्येक महिने पिल्लं होणारी अंडी घालत नव्हत्या.

हे मला आमच्या बैठकीत बसल्या बसल्या आठवलं. आजीची खाट अजून तिथेच आहे. आणि बाबांचं प्रत्येक वाक्य सुरू होतं, "आईला हे चाललं नसतं."

दक्षिण भारतात आणि सह्याद्रीत एक उड्या मारणारी मुंगी आहे, हार्पेग्नॅथोस. तिच्यात राणी मेली की कामकरींमध्ये मिशांनी द्वंद्व सुरू होतं, कधी कधी महिनाभर. जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. त्यांचा मेंदू पाचवा ते चौथा हिस्सा आक्रसतो, पण सात महिन्यांचं आयुष्य चार वर्षांपर्यंत जातं. 2021 मध्ये तर असं दिसलं, की अशा मुंगीला बाजूला काढून ठेवली तर ती परत कामकरी होते आणि मेंदू परत वाढतो! म्हणजे एकदा पडलेली भूमिका कायमची नसते.

संध्याकाळी आंब्याखाली आत्या म्हणाली, "तुझ्या बाबांनी पाठवलं नं? बोल."

मी समजवायचं सोडून मुंग्यांचीच गोष्ट सांगितली. तिने शिक्षिकेसारखी पूर्ण ऐकून घेतली.

"म्हणजे माझा मेंदू लहान होणार म्हणतोस?" ती हसली. मग म्हणाली, "एक ध्यानात ठेव. मी काही मुंगी नाही. तेव्हा 'नाही' म्हणू शकत होते, म्हटलं नाही. तुम्ही माझेच होते. आता 'हो' म्हणते आहे, तेही माझंच."

मला काही बोलता आलं नाही. आम्हीच तिला कामकरी ठरवून टाकलं होतं, आणि त्यात सगळ्यात सोय माझी झाली होती.

रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात म्हणे. एक मी. निघताना बाबांना तसं सांगून आलो. तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. असो. तारीख ठरली की रजा टाकायची आहे.