सकाळचा काटा

वामनरावांच्या दिवसाची सुरुवात वजनाने होते. पिंजऱ्यावरची चादर काढली की ते आधी एक पाय ताणतात, मग त्याच बाजूचा पंख, मग दुसरी बाजू. रात्रभर साठवलेली एक मोठी शी करतात आणि माझ्याकडे एका डोळ्याने बघतात. मग मी काटा पुढे सरकवते. काटा साधाच आहे, पिठासाखरेचा. त्यावर पेरूच्या फांदीचा वीतभर तुकडा चिकटपट्टीने बसवलाय. शी झाल्यावर आणि खाण्याआधी, ही वेळ ठरलेली. कारण त्या एका शीतच दोन-तीन ग्रॅमचा घोळ असतो. वामनराव फांदीवर चढतात, आकडा स्थिरावतो, मी वहीत लिहिते. १५४. १५५. १५४. मग तळहातावर सूर्यफुलाची एक बी. दक्षिणा.

नाव ठेवलं सासूबाईंनी. नऊ वर्षांपूर्वी लेक हे पाखरू घेऊन आली तेव्हा ‘मिनी मकाव’ हे शब्द तिने तीनदा उच्चारले आणि सासूबाईंच्या लक्षात फक्त ‘मिनी’ राहिलं. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम फूटभर, अंग हिरवं, चोच काळी, डोळ्याभोवती पांढरी उघडी कातडी, म्हणजे अस्सल मकावाची खूण. निळ्या-पिवळ्या मोठ्या मकावाचं वजन किलोभर भरतं. हे दीडशे ग्रॅम. पहिल्या संध्याकाळी ते लेकीच्या खांद्यावरून टेबलावर गेलं, टेबलावरून पंख्याच्या बंद पात्यावर, आणि तिथून थेट माझ्या नवऱ्याच्या टकलावर. “तीन पावलांत घर घेतलंन् की,” सासूबाई म्हणाल्या. “हा वामन.” पुढे वयाचा मान म्हणून राव लागलं. लेक नोकरीला पुण्याला गेली आणि वामनराव साताऱ्यात माझ्या पदरी राहिले. बळीच्या डोक्यावरचं पाऊल कुणाच्या वाट्याला आलं ते सांगायला नको.

मिनी मकाव म्हणून आपल्याकडे दोन-तीन जाती विकल्या जातात. वामनराव त्यातले सर्वांत छोटे, बाजारात ‘हान्स’ म्हणतात ते. मूळ दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचे. गयाना, सुरीनाम, व्हेनेझुएला, ब्राझील. तिथे ताडामाडांच्या राईत थव्याने राहतात. लिनियसने १७५८ साली या पक्ष्याला ‘नोबिलिस’ म्हणजे कुलीन असं नाव देऊन ठेवलंय. त्याने सकाळी सात वाजता यांना ओरडताना ऐकलं नसणार. चार बंगले पलीकडचे जोशीकाका त्यावर घड्याळ लावतात.

सासूबाईंच्या माहेरच्या वाड्यात राघू होता. गळ्यात लाल-काळा कंठ असलेला आपला हिरवा पोपट. दिंडी दरवाजाशी गोल पिंजऱ्यात असायचा. पोळीचा तुकडा, हिरवी मिरची, सणाला चहात बुडवलेलं बिस्कीट. सासूबाई प्रेमाने सांगतात आणि मी ऐकून घेते. त्या पिंजऱ्यात त्याला पंख उघडता येत नव्हता हे त्यांना आज कळतं, तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या देशी पोपटांना संरक्षण आहे, राघू पाळणं गुन्हा आहे. वामनराव परदेशी जातीचे, इथेच पैदास झालेले, पायात अखंड कडं. त्यांना पाळायला मनाई नाही, पण २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मी केली. फॉर्म भरताना वाटलं, रानातला राघू सोडवला आणि त्याच्या जागी परक्या रानातला आणून बसवला, एवढाच काय तो फरक. या विचाराचं पुढे काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी काटा पुसते.

माझं औषधांचं दुकान आहे. तीस वर्षं मिलिग्रॅममध्ये गेली. त्यामुळे पहिल्याच महिन्यात एका डॉक्टरांनी “रोज वजन करा” असं सांगितलं तेव्हा मला ते पटकन पटलं. पक्षी आजार लपवतो. थव्यात जो मलूल दिसतो त्याच्यावर ससाण्याची नजर आधी जाते, म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत तो ताठ बसतो, दाणे उचलतो, फोलपटं टाकतो. फक्त गिळत नाही. बघणाऱ्याला वाटतं, खातोय की. दीडशे ग्रॅमच्या जिवाचे पंधरा ग्रॅम कमी होणं म्हणजे माझ्यासारखीचे सहा-सात किलो. पिसांच्या खाली ते दिसत नाही, काट्यावर दिसतं. तसाच पिंजऱ्याच्या तळाचा कागद. मी तिथे वर्तमानपत्र घालते आणि रोज सकाळी ते आधी वाचते, मग टाकते. शीचे तीन भाग असतात: हिरवट वळी, पांढरा चुन्यासारखा भाग आणि भोवतीचं पाणी. पांढऱ्याचं पिवळं झालं की फोन उचलायचा. बीट खाल्लं असेल तर मात्र लाल बघून ओरडायचं नाही. हे मी एकदा ओरडून शिकले.

घर मात्र बदलावं लागलं, तेही सगळं त्यांच्या बाजूने. नॉनस्टिकचे तीन तवे आणि सँडविचचं यंत्र भंगारात गेलं. तो लेप फार तापला की जो वायू सुटतो त्याने पक्षी मिनिटांत मरतो. हवेतून प्राणवायू ओढून घेण्याची त्याच्या फुप्फुसांची जी ताकद, तीच विष ओढून घेण्याचीही. आता बिडाचा तवा आहे आणि डोसे पूर्वीपेक्षा बरे होतात. डासांची कॉइल बंद. उदबत्ती देवघरात, दार लावून. यावर सासूबाईंशी झालेला तह लिहून ठेवण्यासारखा आहे. मिरचीच्या फोडणीला खिडकी उघडी आणि वामनराव मागच्या खोलीत. गंमत अशी की ठसका आम्हाला लागतो, आणि तीच लवंगी मिरची ते पायात धरून बियांसकट खातात, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पंख्याच्या बटणावर लाल पट्टी आहे: पिंजरा उघडण्याआधी पंखा बंद. मी त्यांचे पंख कापलेले नाहीत. कापलेल्या पंखांचा पक्षी सुरक्षित असतो असं विकणारे सांगतात. माझ्या मते तो फक्त घरवाल्यांच्या सोयीचा असतो.

चावण्याबद्दल लोक फार विचारतात. चावतात. पण आधी सांगून चावतात. बाहुली झपझप लहानमोठी होते, मानेची पिसं उभी राहतात, शेपूट पंख्यासारखी पसरते. एवढं सगळं सांगूनही हात पुढे आला तर ते तरी काय करणार? पहिल्या वर्षी माझ्या अंगठ्याला सहा टाके... नाही, एकच पडला, पण मी सांगताना सहा सांगते. तो टाका पडल्यावर मी हात पुढे करणं सोडलं आणि हात जवळ नुसता धरून थांबायला लागले. पाऊल त्यांनी टाकायचं. कधी दहा सेकंदांत टाकतात, कधी चहा निवतो.

हे सगळं मला येतं असं वाटायला लागलं होतं, त्या सातव्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे.

गणपतीचे दिवस होते. घर भरलेलं, दिवे रात्री बारापर्यंत. पुण्याहून आलेल्या लेकीने वामनरावांना बुटाचा रिकामा खोका खेळायला दिला. त्यांनी तो कुरतडून दार केलं आणि आत जाऊन बसले. सगळ्यांनी फोटो काढले. संध्याकाळी ते माझ्या मांडीवर येत, मान खाली घालत, आणि मी मानेपासून शेपटीपर्यंत पाठ चोळत असे. ते डोळे मिटून हलके घुमल्यासारखा आवाज करत. इतका लळा कधी लावला नव्हता. मी दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. आणि वहीत आकडे होते: १५५, १५७, १६१, १६६. मी लिहिलं, शेजारी ‘छान’ असाही शेरा मारला. सणाचं अंग धरलंय म्हणाले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आकडा १६९. तिसऱ्या दिवशी चादर काढली तर वामनराव फांदीवर नव्हते. पिंजऱ्याच्या तळाशी, कागदावर, पिसं फुलवून, पाय फाकून बसले होते. प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर होत होती.

पक्ष्यांचं बघणारे डॉक्टर पुण्यात. त्यांनी फोनवर दोनच प्रश्न विचारले. वजन किती? आणि नर की मादी? मी म्हटलं, नर; विकणाऱ्याने सांगितलं होतं, खूप बोलतो म्हणजे नरच. पलीकडे क्षणभर शांतता. “मॅडम, या जातीत नर-मादी दिसण्यावरून कळत नाही. पिसावरून डीएनए तपासावा लागतो. अंडं अडकलंय बहुतेक. ऊब द्या, पोट दाबू नका, निघा.”

गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळली, प्रवासाच्या छोट्या पिंजऱ्यात एका बाजूला ठेवली, शेजारी ओलं फडकं. सातारा ते पुणे एकशे दहा किलोमीटर. खंबाटकीच्या बोगद्यात गाड्या तुंबल्या होत्या. पिवळ्या उजेडात मी पिंजऱ्यावरचा पंचा थोडा बाजूला केला. वामनरावांनी माझ्याकडे बघितलं आणि शेजारची बी उचलून चोचीत धरली. सोलली. खाली टाकली. गिळली नाही. आपण बरे आहोत असं मला दाखवत होते, आणि रोज काट्यावर वजन करणाऱ्या माझ्यासारखीला ते दोन आठवडे कळलं नव्हतं.

क्ष-किरणात अंडं चक्क दिसलं, दिव्यासारखं. कॅल्शियमचं इंजेक्शन, सलाईन, उबेची पेटी. रात्री साडेनऊला अंडं झालं. पांढरं, माझ्या अंगठ्याच्या पेराहून थोडं मोठं. मी घरी फोन केला. सासूबाईंनी आधी नीट ऐकून घेतलं, मग घरभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “वामनराव बाळंत झाले!” आणि मला विचारलं, “डिंकाचे लाडू चालतात का गं त्यांना?”

डॉक्टरांनी मला रागावण्याऐवजी हिशेब मांडून दाखवला, ते जास्त लागलं. मादी एकटी असली तरी अंडं घालते, नर लागत नाही. लागतो तो फक्त इशारा. रात्री बारापर्यंत दिवे, म्हणजे दिवस मोठा झाला. खोका, म्हणजे झाडाची ढोली. पाठ चोळणं, म्हणजे... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आणि कवचाला लागणारं कॅल्शियम आणणार कुठून? माझी एका बीची दक्षिणा सात वर्षांत मूठभर झाली होती. सूर्यफुलात तेल भरपूर, कॅल्शियम नाममात्र. पिंजरा मी खास पूर्वेच्या खिडकीत ठेवला होता, कोवळ्या उन्हासाठी. खिडकीला काच होती. ड जीवनसत्त्व तयार व्हायला जे किरण लागतात ते काचेतून येतच नाहीत. औषधाच्या दुकानात रोज ड जीवनसत्त्वाच्या पुड्या विकणारी मी.

अंडं आम्ही त्यांच्याजवळच ठेवलं. काढून घेतलं तर त्याच्या बदल्यात दुसरं घालतात आणि अंगातलं उरलंसुरलंही जातं. तीन दिवसांनी दुसरं झालं, सहज. मग वामनराव कोपऱ्यात बसले. फुकट होतं ते, त्यातून काही निघणार नव्हतं, हे सगळ्या घराला माहीत होतं आणि तरी सगळं घर पाय न वाजवता चालत होतं. सासूबाईंनी त्या खोलीतला रेडिओ बंद केला. सव्विसाव्या दिवशी वामनराव उठले, पंख झाडले, अंड्यांकडे पाठ केली आणि वर फांदीवर जाऊन मिरची मागितली.

आता संध्याकाळी सातला चादर पडते, पाहुणे असोत की गणपती. खोका नाही, कपाटाचं दार उघडं नाही. चोळायचं ते फक्त डोकं आणि मान. सकाळी अर्धा तास गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी जागा सावलीत. वाटीत शेवग्याचा पाला, लाल भोपळा, मोड आलेले मूग, पक्ष्यांसाठीच्या तयार गोळ्या. सूर्यफुलाची बी एकच, वजन दिल्यावर. कुणी कौतुकाने कंदी पेढा पुढे केला तर तो मी खाते. वहीत आता ‘छान’ लिहीत नाही. आकडा खाली गेला की लाल पेन, वर गेला तरी लाल पेन.

डीएनएचा कागद नंतर आला, मादीच. नाव बदलावं का यावर घरात चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, वामनाने काय रूप घ्यावं ते तुम्ही ठरवणार का? त्यामुळे वामनराव ते वामनरावच, आदरार्थी बहुवचनासकट.

त्या आजारपणापासून सासूबाई रोज सकाळी अंथरुणातूनच ओरडून विचारायच्या, “किती?” मी आकडा सांगितला की मगच उठायच्या. गेल्या पावसाळ्यापासून मात्र गुडघ्यांमुळे त्या लवकर उठून शेकत बसतात, त्या वेळी त्यांना काही विचारायला फुरसत नसते. तरी प्रश्न चुकत नाही. काटा स्थिर व्हायच्या आत पेरूच्या फांदीवरून तो येतो, हुबेहूब त्यांच्या आवाजात, किंचित घोगरा, “किती?”

एकशे पंचावन्न, मी सांगते, आणि बी पुढे करते.