चाळिशी आणि अनुस्वार

चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव ज्या कोणी दिले, त्याला माणसाच्या आयुष्याचे वेळापत्रक पाठ असले पाहिजे. चाळीस वर्षे उलटतात, डोळ्यांतल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? सांगण्यासारखे एवढेच की, मी पुष्कळ दिवस चाळिशी लावलीच नाही.

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. एरवी गठ्ठे पुढ्यात घेऊन बसणारे आम्ही मराठीचे मास्तर पनवेलातल्या एका केंद्रात माउस हाती धरून बसलो. ‘अहो, एकदा डोळे दाखवून या,’ असे सौ. आठवड्यातून दोनदा तरी म्हणे. ‘माझ्या डोळ्यांना काय झालंय?’ असे मीही तितक्याच वेळा विचारी.

जुलैतल्या एका दुपारी पडद्यावर एक उत्तर आले. तिथे विद्यार्थ्याचे नाव दिसत नाही, नुसते अक्षर दिसते. उत्तर बरे होते. पण अनुस्वारांचा पत्ता नव्हता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी पुष्कळ अनुस्वारांना निवृत्त केले हे खरे. पण ‘मुलांना’वरचा अनुस्वार अजून नोकरीत आहे! डोळ्यांची आग होत होती, कपाळ ठणकत होते. राग यायला तेवढे पुरते. मी दहापैकी तीन गुण दिले. एकूण बेरीज पाहता, ते लेकरू नापास होत होते.

तेवढ्यात चहा आला. कप घेऊन मी व्हरांड्यात उभा राहिलो. पाऊस उघडला होता आणि दूर कर्नाळ्याचा सुळका आभाळाला अंगठा दाखवीत उभा होता. चहा संपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत राहिलो. परत येऊन बसलो, अक्षर जरा मोठे केले, तो ‘मुलांना’वर अनुस्वार! खालच्या ओळीतही होता. फिकट, बारीक, पण जिथे हवा तिथे होता. गुण अजून पाठवले नव्हते. तीनाचे सहा केले. मात्र त्या दिवशी त्याआधी जे गुण पाठवून मोकळा झालो होतो, त्यांचे काय, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणारी पापणी पडद्यापुढे निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली; डोळा कोरडा पडतो, असे त्यांनी सांगितले. जवळचे पाहताना डोळ्यातला एक स्नायू आवळलेला असतो, लांब पाहिले की तो सैल होतो. म्हणजे कर्नाळ्याने काही चमत्कार केला नव्हता; त्या स्नायूला घटकाभर सुट्टी दिली होती. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा, मधूनमधून मुद्दाम पापण्या मिटा. पडदा हातभर लांब, डोळ्यांच्या रेषेच्या किंचित खाली ठेवा, खिडकीची तिरीप त्यावर पडू देऊ नका, असे त्यांनी बजावले. पुस्तक आपण सव्वा फुटावर धरतो, पडदा दोन फुटांवर असतो. म्हणून संगणकासाठी निराळा नंबर दिला. पुढे मुलीने निळा प्रकाश अडवणारा महाग चष्मा सुचवला; पण २०२३ साली कोक्रेन या संस्थेने सतरा चाचण्या पडताळून पाहिल्या, त्यांत अशा चष्म्याने डोळ्यांचा शीण कमी होतो असे काही आढळले नाही. पैसे वाचले!

राहता राहिला वीस फुटांचा प्रश्न. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वीस फूट आणायचे कुठून? मी गॅलरीत जातो. समोरच्या इमारतींच्या फटीतून डोंगराचा जो तुकडा दिसतो, तो मला पुरतो.

परीक्षेच्या दिवसांत मी दर वीस मिनिटांनी उठून खिडकीशी जातो. तरुण सहकाऱ्यांना तो कामचुकारपणा वाटतो. परवा एकाने विचारलेच, ‘सर, कोणाची वाट पाहताय?’

‘अनुस्वाराची,’ मी म्हणालो.