श्वासाला हलका आधार

अपुऱ्या दिवसांचे बाळ कधी कधी जन्मानंतर काही तासांतच कण्हू लागते. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बारीक आवाज येतो, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची त्वचा आत ओढली जाते. घरच्यांना वाटते, बाळ भुकेने कुरकुरत असावे. वस्तुतः ते झगडत असते. घसा अर्धवट मिटून ते थोडी हवा छातीत अडवून धरते. कारण ती सारी बाहेर गेली, तर फुप्फुसांतील इवले वायुकोश मिटतील आणि ते पुन्हा उघडण्याइतके बळ त्याच्यापाशी नसते.

वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रव्याचा लेप असतो. अकाली जन्मलेल्या बाळांत तोच अपुरा असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले. कारण कळले, तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. सत्ता, संपत्ती आणि नामांकित डॉक्टर हाताशी असूनही तो दोन दिवसांत गेला.

पुढे १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोतील डॉ. जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कण्हणाऱ्या बाळाची युक्तीच उपचार म्हणून स्वीकारली. बाळाचा श्वास बाळानेच घ्यायचा. बाहेरून हवेचा सौम्य, अखंड दाब तेवढा द्यायचा. त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ वाचली. हीच सीपॅप पद्धती होय. तेव्हा बहुतेकांच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली होती. आज नाकपुड्यांत बसणाऱ्या आखूड नळ्या पुरतात. तिच्या साध्या प्रकारात नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते. टोक ५ सेंटीमीटर खोल, तर दाबही साधारण तेवढाच. बाटलीतील बुडबुडे थांबले, तर कोठेतरी हवा गळते आहे, हे परिचारिकेला तत्काळ कळते.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले कुटुंब मात्र अनेकदा विचारते, “एवढेच? मोठे यंत्र का लावत नाही? पैशाची चिंता करू नका.” या प्रश्नामागे माया असते, पण महाग ते उत्तम हा हिशेब येथे चुकतो. कृत्रिम श्वासयंत्र कोवळ्या फुप्फुसांना इजा करू शकते. म्हणून ते खरोखर आवश्यक असेल तेव्हाच लावतात. मुलाने नवे दुकान थाटले, तर जाणता बाप भांडवलाचा आधार देतो, स्वतः गल्ल्यावर बसत नाही. सीपॅपचा आधार तसाच आहे.

हा आधार सर्वांना पुरतो असे नाही. काहींना सर्फॅक्टंटचे औषध, काहींना श्वासयंत्रही लागते. दाब अधिक झाला, तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. नळ्यांनी नाकाची नाजूक त्वचा सोलवटते. म्हणून यंत्राइतकीच अनुभवी परिचारिकेची नजर मोलाची असते.

कुटुंबाच्या हाती एक गोष्ट निश्चित असते, ती म्हणजे वेळ. प्रसूती अकाली होण्याची चिन्हे दिसताच नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. बाळ कण्हते आहे असे ज्या आजीच्या कानाला प्रथम जाणवेल, तिने सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावे.