उतरणीचं काम

आमच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या शिक्षणात चढण शिकवतात. पक्षाघात झालेल्या माणसाने आज पेला धरायचा, उद्या पाणी ओतायचं, पुढच्या आठवड्यात सदऱ्याची बटणं लावायची. कमला निंबकरांनी 1950 साली मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, तेव्हापासून हेच चालत आलंय आणि ते योग्यच आहे. पण माझे पेशंट कामावर परतणार नसतात. त्यांच्या हातात काही आठवडे असतात, फार तर दोन-तीन महिने. तिथे काम कमी करत न्यायचं असतं, आणि तेही ताकद जायच्या एक दिवस आधी. एखादी गोष्ट करता करता हात गळून पडला, की माणूस पुन्हा त्या कामाकडे बघत नाही. आदल्या दिवशीच ती बाजूला करून दुसरी, सोपी गोष्ट पुढे ठेवली, तर तो कामात राहतो.

हा आदला दिवस ओळखायचा कसा? या उन्हाळ्यात माझ्याबरोबर फिरणाऱ्या शिकाऊ मुलीने हे विचारलं आणि मला सांगता येईना. तेव्हापासून मी माझेच हात बघत असते.

जुन्या जालन्यात एक टेलर मास्तर होते. गल्ली अशी की रिक्षा तोंडाशीच सोडावी लागते. उंबरा उंच, संडास अंगणापलीकडे. तोंडाचा कॅन्सर. मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस गेलेली, त्यामुळे उजवा हात वर उचलला जात नव्हता. छत्रपती संभाजीनगरला रेडिएशन झालं, तरी आजार उलटला. मुलांनी मशीनवर चादर टाकून ठेवली होती. ‘अण्णा, तुम्ही आता फक्त आराम करा.’

चादर मी काढायला लावली. मशीन चालवणं होणार नव्हतं, ते मास्तरांनाही ठाऊक होतं. पाट दोन उशांवर ठेवून छातीपर्यंत उंच केला, दोन्ही कोपरं त्यावर टेकवली. खांद्याचा भार पाटाने घेतला की बोटं मोकळी होतात. मॉर्फिनची गोळी घेतल्यावर तासाभराने बसायचं, तेव्हा दुखणं दबलेलं असतं. नातवाचा झब्बा शिवायला घेतला. मशीनची टीप सुनेने मारायची, तुरपाई मास्तरांनी.

तुरपाई छान चालली होती. एके दिवशी टाके तेवढेच बारीक होते, पण दोन टाक्यांमध्ये ते सुई कापडात तशीच ठेवून थांबत होते. हात थरथरत नव्हता. तक्रार नव्हती. मी म्हटलं, ‘मास्तर, उद्या काजं करायची. तुरपाई सूनबाई करतील, तुम्ही तपासा.’ ते रागावले. दुसऱ्या दिवशी काजं केली. मग बटणं. मग नुसता खडू, कुठे दुमडायचं त्याची खूण. शेवटी तर शिवणीवरून अंगठा फिरवून ‘उसव’ किंवा ‘राहू दे’ एवढंच. सुनेने दोनदा उसवलं.

ते थांबणं मी पाहिलं, त्या मुलीने नाही. ती टाके बघत होती. टाके शेवटपर्यंत खोटं बोलतात. कारागिराचा हात तर फारच. बघायचं ते दोन टाक्यांच्या मधे. एवढंच तिला सांगू शकले, आणि तेही पुरेसं नाही, कारण भाकरी थापणाऱ्या बाईत ते ‘मधे’ निराळ्या जागी असतं. तिचा श्वास परातीकडे वाकताना अडकतो, थापताना नाही.

मला या ओळखण्याचा अभिमान आहे. घरची माणसं म्हणतात, ‘ताई आल्या की अण्णा उठून बसतात,’ तेव्हा बरं वाटतं. त्या मुलीच्या आधी मला दिसलं, याचाही आनंद झाला होता. या वयात तो होऊ नये, पण झाला.

आता पेशंटच्या हातात स्पंजचा चेंडू देऊन ‘दाबा’ सांगणारे पुष्कळ झालेत. मरणाच्या दारातल्या माणसाची मूठ घट्ट करून काय मिळवायचं? ऑनलाइन तयार स्प्लिंट येतात, ठरावीक मापांचे. आणि ‘सेवा’ म्हणून माणसाला घास भरवणारी, दाढी करून देणारी, कूसही स्वतः बदलू न देणारी घरं आहेत. प्रेम खरंच असतं त्यांचं. पण त्या प्रेमाने माणूस मरणाआधीच बिनकामाचा होतो, हे मी कितीतरी खाटांजवळ पाहिलंय.

मुंबईत शांती अवेदना सदन हे हॉस्पिस 1986 मध्ये सुरू झालं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 मध्ये. तिथे हे काम जाणणारी माणसं आहेत. आमच्याकडचा माणूस मात्र बहुधा घरातच जातो, खाटेवर, आपल्या गल्लीत. त्यामुळे हे काम घरातच करावं लागणार, आणि घरच्यांकडूनच.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्यांच्या हातातलं शेवटचं काम काढून घेण्याआधी आम्हाला बोलवा. गोळीची वेळ सांगा, आणि नळाला पाणी येणार असेल तो दिवस टाळा. त्या दिवशी खाटेजवळ बसायला घरात कुणी मोकळं नसतं.